न्यायमूर्तींचे स्वीय सहायक: कोर्टातल्या डिक्टेशनपासून अपलोड झालेल्या आदेशापर्यंत

फोर्टातला_पेन्सिलवाला

उच्च न्यायालयाच्या स्वीय सहायक पदावर इथे जे धागे निघतात ते परीक्षेपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. वेग कसा आणायचा, उतारे कुठले बसवायचे, बस्स. निवड झाल्यावर डायसच्या (न्यायमूर्तींच्या आसनाच्या) खाली वही घेऊन बसायचं, तेव्हा नेमकं काय करायचं हे कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. मुंबई उच्च न्यायालयाची पद्धत डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि आता कोल्हापूरची मंडळी भर घालतीलच.

परीक्षेचं दोन ओळींत उरकतो. पदवी लागते, कायद्याची पदवी असली तर प्राधान्य. इंग्रजी लघुलेखन १२० आणि टंकलेखन ५० शब्द प्रतिमिनिट. अनुभवाची अट ज्या त्या जाहिरातीत नीट वाचा, तिथेच बरेच अर्ज बाद होतात.

आता काम. आधी कोण काय करतं ते. अपील शाखेत शेरेस्तेदार आणि मूळ शाखेत असोसिएट हे प्रकरणाचे कागद, पुकारा आणि रोजनामा (रोजच्या कामकाजाची नोंद) सांभाळतात. चोपदार न्यायमूर्तींच्या ये-जा करण्याचं पाहतो. लघुलेखन, मसुदा, दुरुस्त्या, अंतिम प्रत आणि अपलोड ही बाजू खाजगी सचिव आणि स्वीय सहायकांची. नवीन माणूस उत्साहाच्या भरात शेरेस्तेदाराच्या टेबलावरचे कागद हलवायला जातो. ते करू नका. कागद गहाळ झाला तर तो कुणाच्या हातून, हे सांगता आलं पाहिजे.

वही अशी ठेवा. पानाच्या वर तारीख, कोर्ट क्रमांक, बोर्डावरचा (त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीतला) अनुक्रमांक आणि प्रकरण क्रमांक. डावं पान कोरं सोडा, दुरुस्त्या आणि घुसवायची वाक्यं तिथे. 'मघाशी तिसऱ्या परिच्छेदात हे घाला' असं डायसवरून आलं की उजव्या पानावर क, ख अशी खूण करा आणि मजकूर डाव्या पानावर घ्या. प्रकरण संपलं की आडवी रेघ. टंकून झालं की त्या पानावर तिरकी रेघ. बोर्ड मोठा असला की संध्याकाळी कुठला आदेश राहिला, हे या तिरक्या रेघांवरूनच कळतं.

रकमा, तारखा, कलमं, प्रार्थना-खंडाचं (याचिकेतल्या मागणीच्या खंडाचं) अक्षर, पोलीस ठाण्याचं नाव ही लघुलिपीत घ्यायचीच नाहीत. सरळ आकड्यांत आणि सरळ अक्षरांत लिहायची. वेग थोडा पडतो, पडू द्या.

वऱ्हाडी_स्टेनो

उत्तम धागा. वेगाबद्दल एक मत मांडतो. परीक्षेतला १२० हा सपाट वेग असतो, वाचणारा घड्याळ लावून वाचतो. कोर्टात तसं कुणी बोलत नाही. अर्धा मिनिट शांतता, मग एकदम १५० च्या वेगाने चार ओळी, मध्येच वकिलांना प्रश्न, पुन्हा अर्ध्या वाक्यापासून पुढे. म्हणून सराव करताना एकसारख्या वेगाची ध्वनिफीत लावून बसण्यात फारसा फायदा नाही. कुठल्याही सुनावणीचं थेट प्रक्षेपण लावा आणि बोलण्याच्या गर्दीतून फक्त एका माणसाचं बोलणं टिपायचा सराव करा. आदेशात जाणारं वाक्य कुठलं आणि वकिलाशी बोललेलं कुठलं, हा फरक कानाने ओळखता आला की निम्मं काम झालं.

आणि पेन्सिल. पिटमन लघुलिपीत 'प' आणि 'ब', 'ट' आणि 'ड' यांच्या रेषा एकाच दिशेच्या, फरक फक्त जाडीचा. जेल पेनाने सगळ्या रेषा सारख्याच उमटतात. मग 'प्रार्थना-खंड बी' की 'पी' हा प्रश्न चार वाजता पडत नाही, रात्री साडेआठला पडतो. मऊ शिशाची पेन्सिल किंवा लवचिक टोकाचं शाईपेन, दुसरं काही नको.

सुमन_त

> आदेशात जाणारं वाक्य कुठलं आणि वकिलाशी बोललेलं कुठलं

हे फार महत्त्वाचं आहे आणि त्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टात काय घडलं याबद्दल न्यायाधीशांनी निकालात जे नोंदवलं तेच निर्णायक. वकिलाला नंतर शपथपत्र देऊन 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणता येत नाही. चूक वाटत असेल तर घटना ताजी असतानाच त्याच न्यायाधीशांकडे जायचं.

म्हणजे 'प्रतिवादीचे वकील म्हणतात की चार आठवड्यांत ताबा देऊ' या वाक्यात प्रतिवादी क्रमांक १ की ४ हे चुकलं, तर एका भलत्याच पक्षकाराच्या गळ्यात हमी पडते. विधान कुणी केलं, कुणाच्या सूचनेवरून केलं, आणि ते नुसतं विधान म्हणून घेतलं की हमी म्हणून स्वीकारलं, या तीन गोष्टी वहीत स्वच्छ हव्यात. ऐकू आलं नाही तर तिथल्या तिथे विचारा. डिक्टेशन थांबलं की उभं राहून 'कुठले प्रतिवादी?' एवढं विचारायला कुणाचीच हरकत नसते. रात्री अंदाजाने भरलेली जागा ही खरी हरकत.

नवी_भरती

सगळ्यांचे आभार. नेहमी चुकणारे शब्द कुठले? एक यादी मिळाली तर बरं होईल.

फोर्टातला_पेन्सिलवाला

@नवी_भरती, यादी संपणारी नाही, पण निकाल उलटा करणाऱ्या जागा सांगतो.

'नॉट' आणि 'नाऊ'. हा सगळ्यांत वाईट, कारण वाक्य दोन्हीकडून व्याकरणात बसतं. 'शॅल नॉट' आलं की 'नॉट' पूर्ण अक्षरांत लिहा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', त्याचा उपाय आकडे. 'पोझिशन' आणि 'पझेशन', जमिनीच्या प्रकरणात यातून अनर्थ होतो. पिटमनच्या पुस्तकांत या जोडीला वेगळी रेखाटनं दिलेली आहेत, ती पाठ हवीत. 'प्रॉसिक्यूशन' आणि 'पर्सिक्यूशन' तशीच. 'इंटरिम' आणि 'अॅड-इंटरिम' यांत नुसता शब्दाचा फरक नाही, दिलासा किती काळाचा ते त्यावर ठरतं. 'अपेलंट' आणि 'रिस्पॉन्डंट' यांची अदलाबदल बहुतेक वेळा ऐकण्यातून होत नाही, टंकताना होते, म्हणजे थकव्याची चूक.

आणि शेवटचा परिच्छेद. 'रूल मेड अॅब्सोल्यूट' म्हटलं की याचिका मंजूर, 'रूल डिस्चार्ज्ड' म्हटलं की फेटाळली. आधीचा पाया म्हणून दुसऱ्या आदेशाचा साचा उघडला आणि शेवटची ओळ तशीच राहिली, असं होतं. म्हणून जुन्या आदेशावर 'सेव्ह अॅज' करून काम करू नका. कोरा साचा वेगळा ठेवा.

कोंकणी_कारकून

साच्याबद्दल पुढे लिहितो, कारण वेळ सगळा तिथेच वाचतो किंवा जातो.

लिब्रे ऑफिसमध्ये ऑटोटेक्स्ट आहे. कंट्रोल-एफ३ ने यादी उघडते, लघुरूप टंकून एफ३ दाबलं की पूर्ण वाक्य येतं. मथळा, कोरम (पीठावरचे न्यायमूर्ती), तारीख, आदेशाच्या सुरुवातीचं 'पी.सी.' आणि नेहमीची अंतिम वाक्यं यांना दोन-तीन अक्षरी लघुरूपं द्या. पण एक पथ्य: ज्या वाक्यात आकडा, नाव किंवा मुदत येते तिथे साच्यात खरी किंमत ठेवू नका, फुल्या ठेवा. 'चार आठवडे' असं साच्यात असलं की डिक्टेशनमध्ये सहा आठवडे सांगितलेले असूनही चारच छापले जातात. फुल्या ठेवल्या की शेवटी शोधून कळतं काय भरायचं राहिलं.

फाइलचं नाव बोर्डाचा अनुक्रमांक, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष या क्रमाने. तेच नाव आदेशाच्या माथ्यावर छापलं जातं, त्यामुळे 'नवीन फायनल दुरुस्त २' असली नावं मसुद्याच्या फोल्डरमध्येसुद्धा नकोत.

राखून ठेवलेल्या निकालाला 'राखून ठेवल्याची तारीख' आणि 'जाहीर केल्याची तारीख' अशा दोन ओळी पहिल्या पानावर हव्यात. ही शोभेची बाब नाही. अनिल राय विरुद्ध बिहार राज्य या २००१ च्या निकालातूनच ते आलं आहे.

सुमन_त

अनिल राय निघालंच आहे तर राखीव निकालांच्या नोंदवहीबद्दल. त्या निकालाप्रमाणे तीन महिन्यांत निकाल जाहीर झाला नाही तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्यावं म्हणून मुख्य न्यायमूर्तींकडे जाऊ शकतो. त्यामुळे नोंदवहीत एवढे रकाने हवेतच: प्रकरण, युक्तिवाद संपल्याची तारीख, लेखी युक्तिवाद कधीपर्यंत आणि कुणाचे आले, मूळ कागद सध्या कुठे, मसुदा कुठल्या टप्प्यावर, आणि तीन व सहा महिने पुरे होण्याच्या तारखा. 'युक्तिवाद संपल्याची तारीख' आणि 'लेखी युक्तिवाद मिळाल्याची तारीख' या वेगळ्या ठेवा. मोजणी कुठून, यावरच वाद होतात.

दर शुक्रवारी ही यादी एका पानावर छापून न्यायमूर्तींच्या टेबलावर ठेवायची. तोंडी आठवण करू नका. कागदाने आठवण करून देणं दोघांनाही सोपं जातं.

लालफीत

निवृत्ती जवळ आली की ही नोंदवही सोन्याच्या मोलाची. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, तारीख आधीपासून माहीत असते. तरी गोंधळ होतो.

तत्त्व जुनं आहे. सुरेंद्र सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५३ च्या निकालाने सांगून ठेवलं की जाहीर होईपर्यंत सही केलेला कागदसुद्धा मसुदाच, आणि जाहीर करण्याच्या क्षणी न्यायाधीश पदावर असायला हवेत. अलीकडचं उदाहरण मद्रास उच्च न्यायालयाचं. एप्रिल २०१७ मध्ये एका ओळीचा आदेश झाला, मे मध्ये न्यायमूर्ती निवृत्त झाले, आणि सविस्तर कारणं ऑक्टोबरमध्ये बाहेर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं. म्हणून शेवटच्या चार-पाच महिन्यांत स्वीय सहायकाने मसुद्यांचा क्रम न्यायमूर्तींना विचारून ठरवून घ्यावा, आणि 'कारणं मागाहून' या सदरात एकही प्रकरण उघडं नाही ना हे पाहावं.

नवी_भरती

आदेशावर डिजिटल सही स्वीय सहायकाची का असते? न्यायमूर्तींची का नाही?

कोंकणी_कारकून

न्यायमूर्तींची सही मूळ कागदावर असते. अपलोड होणारी प्रत त्या मूळ आदेशाशी जुळते, एवढंच तुमच्या डिजिटल सहीने सांगितलं जातं. 'सर्व संबंधितांनी या आदेशाच्या डिजिटल सही केलेल्या प्रतीवर कार्यवाही करावी' असं वाक्य अनेक आदेशांत असतं, तेव्हा बँक, तुरुंग, तहसीलदार तुमच्या सहीवर हालचाल करतात. त्यामुळे:

टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण) आणि त्याचा पिन कुणाला द्यायचा नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही नाही. सही तुमच्या नावाची आहे. पिन काही वेळा चुकला की टोकन बंद पडतं, आणि ते नेमकं जामिनाच्या आदेशाच्या दिवशी पडतं. प्रमाणपत्राची मुदत साधारण एक ते तीन वर्षं, संपण्याच्या महिनाभर आधी नूतनीकरणाला द्या. संगणकाचं घड्याळ बरोबर आहे ना पाहा, कारण सहीची वेळ तिथूनच घेतली जाते. आदेशाच्या तारखेच्या आदल्या दिवसाची सही दिसली की वकील पहिला प्रश्न तोच विचारतात. सही शेवटची पायरी. सही केल्यावर पीडीएफमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सही मोडते. आणि सही केलेली प्रत छापून पुन्हा स्कॅन करून पाठवू नका, तिला काही अर्थ उरत नाही.

वकिलांचे फोन येतात की 'सही पडताळलेली नाही' असं दिसतंय, आदेश खोटा आहे का. खोटा नाही. त्यांच्या पीडीएफ वाचकात भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र विश्वासू म्हणून नोंदलेलं नसतं, इतकंच. ते एकदा नोंदलं की हिरवी खूण येते.

पणजीकर

गोव्याहून एक भर. नावं झाकण्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही आणि तिथे चुकलं तर दुरुस्ती नसते. आदेश अपलोड झाला की मिनिटांत तो चार खाजगी संकेतस्थळांवर पोचतो.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम ३३(७) आहे. निपुण सक्सेना प्रकरणातल्या डिसेंबर २०१८ च्या निकालाने हे आणखी स्पष्ट केलं: नाव छापू नका एवढ्यावर भागत नाही, जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही गोष्ट नको. त्यामुळे आई-वडिलांची नावं, शाळा, गाव, आरोपी नातेवाईक असेल तर त्याच्याशी असलेलं नातं आणि आडनाव यांचं एकत्र येणं, हे सगळं वाचून पाहा. अडतं ते उताऱ्यांत. मुख्य मजकुरात 'एक्स' केलेलं असतं, पण फिर्यादीतून किंवा खालच्या कोर्टाच्या निकालातून उचललेल्या परिच्छेदात नाव तसंच राहतं. म्हणून शेवटी पूर्ण फाइलीत नावाचा शोध, स्पेलिंगच्या दोन-तीन पर्यायांसह.

नावावर काळी पट्टी ओढून पीडीएफ काढू नका. पट्टीखाली अक्षरं जिवंत असतात, निवडून चिकटवली की वाचता येतात. मजकूरच बदला. फाइलच्या गुणधर्मांमधलं शीर्षक आणि फाइलचं नावही तपासा.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांसाठी न्या. गौतम पटेल यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये वेगळी कार्यपद्धती घालून दिली होती: पक्षकारांना 'अ विरुद्ध ब' असं म्हणायचं, पत्ते, मोबाइल क्रमांक, ईमेल आदेशात नकोत. कडक वाटली तरी नमुना म्हणून जवळ ठेवण्यासारखी आहे.

वऱ्हाडी_स्टेनो

+१. आणि 'बदल नोंदवा' ही सोय बंद करून, सगळे बदल स्वीकारून मगच पीडीएफ. नाहीतर न्यायमूर्तींनी खोडलेलं वाक्य लाल रेघेसकट जगाला दिसेल. हे निकालाच्या आधी घडलं तर मसुदा फुटला म्हणायचं, नंतर घडलं तरी लाजिरवाणंच.

सुमन_त

मसुदा फुटण्याबद्दल. लोकांना वाटतं फितुरीच असते. बहुतेक धोके त्यापेक्षा साधे आहेत: सामायिक प्रिंटरवर राहिलेलं पान, मोबाइलवर स्वतःलाच पाठवलेली फाइल, घरच्या संगणकावर उघडलेला पेन ड्राइव्ह, चुकलेली छापलेली पानं रद्दीत. मसुद्याची प्रत कागद कापणाऱ्या यंत्रात जाते, पाठकोरा कागद म्हणून वापरायची नाही.

आता तिसरी गोष्ट आली आहे. इंटरनेटवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनात मसुदा टाकून इंग्रजी सुधारून घेणं. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी धोरण काढून अशा साधनांवर कडक मर्यादा घातल्या, निर्णय घेण्यासाठी तर पूर्ण मनाईच. नियम कुठलाही असो, जाहीर न झालेला निकाल बाहेरच्या यंत्रणेला दिला म्हणजे तो बाहेर गेलाच.

यंत्रमानव_२

थोडा विरोध करतो. पाच-सात वर्षांत लघुलिपी संपणार. सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये, शिवसेनेच्या फुटीच्या सुनावणीपासून, घटनापीठासमोरच्या युक्तिवादाचं यंत्राने लेखन सुरू झालं. केरळमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून साक्षी नोंदवायला बोली-ते-मजकूर यंत्रणा आली. मग पेन्सिलीचं कौतुक किती दिवस?

फोर्टातला_पेन्सिलवाला

@यंत्रमानव_२, लघुलिपी उरेल की नाही यावर पैज लावणार नाही. पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं बोललेलं सगळं उतरवण्याची आहेत. आदेश म्हणजे बोललेलं सगळं नव्हे. डायसवरून 'नाही नाही, ते काढा, आधीचं वाक्य धरा, आणि ती तारीख शपथपत्रातून घ्या' असं येतं. यंत्र हे तीनही वाक्यं इमानदारीने छापेल. शपथपत्र उघडून तारीख घेणं हे काम आहे. यंत्राने कच्चा मजकूर दिला तर स्वागतच, बोटं वाचतील. तपासणी तेवढीच राहील, कदाचित वाढेल, कारण यंत्राची चूक नेहमी शुद्ध स्पेलिंगमध्ये येते आणि डोळा तिच्यावर अडत नाही.

तपासणीचंच लिहितो. ताडून पाहणं दोघांनी करायचं. एकाने मूळ कागदातून वाचायचं, दुसऱ्याने मसुद्यात पाहायचं, विरामचिन्हांसकट. पूर्ण निकाल असा वाचायला वेळ नसतो, तेव्हा निदान मथळा, उतारे, आकडे आणि अंतिम आदेश.

उताऱ्यांमध्ये काय बिघडतं: पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात ओळी तुटतात, पान क्रमांक मध्येच घुसतो, इंग्रजी 'एल' आणि एकचा आकडा अदलाबदल होतात, कधी 'नॉट' गळतं. परिच्छेद क्रमांक एका संग्रहात एक आणि दुसऱ्यात दुसरा असतो, म्हणून ज्या संग्रहाचा संदर्भ दिला त्यातूनच उतारा घ्या. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्यांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत आहेत, तिथून मूळ तपासा. ठळक अक्षरं मुळातली की आपली, ते उताऱ्याखाली लिहायला विसरू नका. आणि वकिलाने दिलेल्या टिपणातला निवाडा खरोखर अस्तित्वात आहे का, हेही आता पाहावं लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या आयकर अपील न्यायाधिकरणाच्या एका आदेशात नसलेले निवाडे आले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला.

तटस्थ संदर्भ क्रमांक (न्यायालयानेच निकालाला दिलेला क्रमांक) अपलोडच्या वेळी यंत्रणेतून मिळतो: वर्ष, मग 'बीएचसी-एएस' (अपील शाखा) किंवा 'ओएस' (मूळ शाखा), 'एनएजी', 'एयूजी', 'जीओए' (नागपूर, संभाजीनगर, गोवा), मग क्रमांक, आणि दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ असेल तर शेवटी 'डीबी'. प्रकार निवडताना एकल की खंडपीठ हे चुकवू नका.

नवी_भरती

तरीही चूक राहिलीच तर?

लालफीत

मुंबईत त्यासाठी 'स्पीकिंग टू द मिनिट्स' आहे. वकील टिपण देतात, प्रकरण बोर्डावर येतं, न्यायमूर्ती दुरुस्ती सांगतात, दुरुस्त आदेश पुन्हा अपलोड होतो. दुरुस्ती फक्त लेखनातली, बेरजेतली, नजरचुकीची. निकालाचा आशय त्या वाटेने बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात बजावलं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५२ आणि फौजदारीत नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०३ हेच सांगतात.

तुमच्यापुरतं: सही झाल्यावर फाइलीत गुपचूप दुरुस्ती करून तीच पुन्हा चढवायची नाही. साधं स्पेलिंग असलं तरी नाही. आधी न्यायमूर्तींना दाखवायचं, ते म्हणतील त्या वाटेने जायचं. दोन वेगळ्या मजकुरांच्या एकाच तारखेच्या दोन प्रती बाहेर फिरत आहेत, याच्याइतकं वाईट काही नाही.

जामिनाच्या आदेशात मात्र दुरुस्तीची वाट पाहायला वेळ नसतो. तुरुंगात आरोपीचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं हे सगळं वॉरंटशी जुळवून पाहतात. एका अक्षराने आडनाव बदललं किंवा एक कलम गळलं की माणूस आत राहतो, आणि शनिवार-रविवार आला तर सोमवारपर्यंत राहतो. म्हणून जामिनाचे आदेश दिवसाच्या टंकलेखनात सगळ्यांत आधी, आणि नाव अर्जाच्या मथळ्यावरून न घेता अटकेच्या कागदांवरून पडताळून.

सोलापूरची_शाई

जिल्हा न्यायालयातले लघुलेखक इथे वाचत असतील त्यांच्यासाठी: तुमचं काम वेगळं आहे, साक्ष थेट संगणकावर घ्यायची असते, साक्षीदार मराठीत बोलतो. फौजदारी निकाल लघुलेखनात सांगितला गेला तर उताऱ्याच्या प्रत्येक पानावर न्यायाधीशांची सही लागते, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३९२. शेवटच्या पानावर फक्त सही घेऊन मोकळे होऊ नका.

मराठी कागदाचा उतारा टंकताना जुन्या फाँटमधलं चिकटवू नका, दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडच.

सुमन_त

एक भाग राहिला: फोन, भेटी आणि 'नॉट बिफोर', म्हणजे आपल्या न्यायमूर्तींसमोर लावायची नाहीत अशी प्रकरणं.

बारमधून (वकिलीतून) नेमणूक झालेल्या न्यायमूर्तींनी ज्या प्रकरणांत पूर्वी वकीलपत्र घेतलं ती प्रकरणं पुढे अनेक वर्षं बोर्डावर येत राहतात. त्यांची यादी प्रकरण क्रमांकानुसार ठेवा, नातेवाईक वकिलांची आणि ज्या कंपन्यांत समभाग आहेत त्यांची वेगळी. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या न्यायिक जीवनमूल्यांच्या मसुद्यात समभागांबद्दल आणि भेटवस्तूंबद्दल स्पष्ट कलमं आहेत, ती वाचून ठेवा. बोर्ड आदल्या संध्याकाळी आला की या याद्यांशी ताडायचा. सकाळी कोर्टात लक्षात आलं तर बाहेरगावचा पक्षकार आलेला असतो आणि त्याचा दिवस फुकट जातो.

समारंभाचं आमंत्रण आलं की तारखेआधी आयोजक आणि प्रायोजक कोण ते विचारा. त्यांचं प्रकरण प्रलंबित आहे का ते पाहून मगच कागद आत न्या.

फोनवर 'आमचा आदेश काय झाला' याला एकच उत्तर: संकेतस्थळ पाहा. 'प्रकरण लवकर लागेल का' याला: प्रिसिपी (लेखी विनंती) द्या, कोर्टात मेन्शन करा. ओळखीच्या वकिलालाही तेच वाक्य, त्याच शब्दांत. 'मी बघतो' हे दोन शब्द सौजन्याने म्हटले जातात आणि बाहेर त्यांचा भाव लावला जातो. वजन वापरून काम करून देतो म्हणून काही घेणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७अ खालचा गुन्हा आहे, त्याला काम प्रत्यक्ष व्हावं लागत नाही.

न्यायमूर्तींचं छायाचित्र लावून पैसे मागणारे संदेशही येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाने थेट सरन्यायाधीशांच्या नावाने टॅक्सीला पाचशे रुपये मागितले होते. असा संदेश आला की उत्तर न देता रजिस्ट्रीला कळवा.

नवी_भरती

शेवटचा प्रश्न. लघुलेखनाच्या भरलेल्या वह्यांचं काय करायचं? आणि बदली झाली तर?

फोर्टातला_पेन्सिलवाला

वह्या कार्यालयाच्या, तुमच्या नाहीत. घरी न्यायच्या नाहीत, रद्दीत तर अजिबात नाही. मुखपृष्ठावर पहिली आणि शेवटची तारीख, कोर्ट क्रमांक आणि तुमचं नाव लिहून कपाटात क्रमाने लावा. त्या वहीतल्या शेवटच्या आदेशावर सही होऊन तो अपलोड होईपर्यंत आणि मिनिट्सची शक्यता मावळेपर्यंत ती हाताशी हवी. वकिलाने आदेशातल्या शब्दावर शंका घेतली तर पहिलं पाहायचं ते तुमचं रेखाटन. नष्ट करायची वेळ आली की खाजगी सचिवांना विचारून, यंत्रात कापून.

बदलीच्या वेळी चार गोष्टी लेखी सोपवा: राखीव निकालांची नोंदवही, हाताशी असलेल्या मूळ कागदांची आणि सीलबंद पाकिटांची यादी पोचपावतीसह, 'नॉट बिफोर'च्या याद्या, आणि न टंकलेल्या पानांची वही. चौथी स्वतःच टंकून जा, दुसऱ्याची लघुलिपी कुणाला वाचता येत नाही. टोकन सोपवायचं नसतं, ते तुमच्याबरोबर येतं. रजिस्ट्रीला मात्र त्याच दिवशी कळवा म्हणजे जुन्या कोर्टाच्या यादीतून तुमचं नाव निघेल.